निश्चयक, पर्मनंट आणि चवथीचे प्रश्न

नमस्कार मंडळी.

‘बायका आणि कॉम्प्युटर’ यावर बोला, असं अध्यक्षांनी सांगितलं. मी फोंड्याची, उच्च माध्यमिकला गणित शिकवून निवृत्त झाले. कॉम्प्युटरशी माझा संबंध आला तो मुलांचे गुण भरण्यापुरता. म्हणून विषय जरा वळवून घेते आणि ज्यांचं काम मुख्यतः कागद, पेन आणि फळ्यावर चालतं, अशा संगणकशास्त्रज्ञ बायकांबद्दल बोलते.

चवथीला, म्हणजे गणपतीत, आमच्याकडे घरं भरली, की मुलींना प्रश्न ठरलेला असतो. “काय करतेस गो?” कॉम्प्युटर सायन्स म्हटलं, की लगेच पॅकेज किती! सांकवाळला २००४ पासून बिट्स या इंजिनिअरिंगच्या संस्थेचा कॅम्पस आहे, त्याबद्दलही बोलणं होतं ते प्लेसमेंटचं. त्याच सांकवाळचे बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी. त्यांचे चिरंजीव दामोदर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिती होते, हे मात्र चवथीच्या पंगतीत कुणी काढत नाही.

सैद्धान्तिक संगणकशास्त्र म्हणजे काय? एखादा हिशेब करायला कमीत कमी किती पायऱ्या लागतील, आणि त्याहून कमी पायऱ्यांत तो का होणारच नाही, हे सिद्ध करणं. बारावीचा निश्चयक, म्हणजे डिटर्मिनंट, आठवा: चौरस चौकटीत मांडलेल्या आकड्यांतून ठरावीक रीतीने काढलेली एक संख्या. तीन बाय तीनचा उलगडला की सहा पदं, काही अधिक, काही उणे. दहा बाय दहाचा तसाच उलगडायला बसलात तर ३६,२८,८०० पदं. पण ओळी एकमेकींतून वजा करत गेलं, तर हजाराच्या आत गुणाकार-भागाकारांत उत्तर मिळतं. आता त्या पदांमधली सगळी उणे चिन्हं अधिक करा. याला पर्मनंट म्हणतात. दिसायला सोपं झालं, नाही का? पण त्यासाठी झटपट रीत आजही कुणाला माहीत नाही. तशी रीत बहुधा नसावीच, असं मानायला १९७९मध्ये संगणकशास्त्रज्ञ लेस्ली व्हॅलियंट यांनी भक्कम आधार दिला. मी निश्चयक वर्षानुवर्षं शिकवला. त्याच्या शेजारीच ही दरी आहे, हे पाठ्यपुस्तकाने कधी सांगितलं नाही.

चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतल्या मीना महाजन यांचं काम याच परिसरातलं. मुंबई आयआयटीत शिकलेल्या, पीएच.डी. मद्रास आयआयटीची. १९९७मध्ये व्ही. विनय यांच्याबरोबर त्यांनी निश्चयक काढायची अशी रीत दाखवली, जिच्यात भागाकार नाहीच. आलेखातले, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यातले, बंद फेरे मोजायचे आणि चिन्हं जुळवायची. त्यांच्याकडे पीएच.डी. केलेल्या नूतन लिमये मुंबई आयआयटीत शिकवत होत्या, मग कोपनहेगनच्या आयटी विद्यापीठात गेल्या. श्रीकांत श्रीनिवासन आणि सेबास्तियन ताव्हना यांच्यासह त्यांनी दाखवलं, की काही बहुपदी मोजक्याच थरांच्या बीजगणितीय सर्किटांनी, म्हणजे बेरीज-गुणाकारांच्या थराथरांनी रचलेल्या मांडणीने, आटोपशीर आकारात मांडताच येत नाहीत. सैद्धान्तिक संगणकशास्त्राच्या २०२१च्या ‘फॉक्स’ परिषदेत त्याला सर्वोत्कृष्ट शोधनिबंधाचा मान मिळाला.

एक गंमत सांगते. या क्षेत्रात निबंधावर नावं आडनावाच्या इंग्रजी वर्णक्रमाने देतात. लिमये, मग श्रीनिवासन, मग ताव्हना. पहिलं नाव म्हणजे जास्त काम, असं नाही. इतर शाखांतल्या निवड समित्यांना हे समजावताना मात्र पुरेवाट होते.

खरा पेच वयाचा. पाच-सहा वर्षं पीएच.डी., मग पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम, तेही बहुधा परदेशात, मग कायम नोकरी. म्हणजे सव्विशी ते पस्तिशी. आपल्याकडे त्याच वयात लग्न, बाळंतपण, सासू-सासऱ्यांची आजारपणं. शिवाय इथे नियतकालिकांपेक्षा परिषदांना वजन जास्त. तान्हं मूल घेऊन विमानाने जायचं, की निबंध दुसऱ्याने मांडायचा? “हुशारी असली की वाट सापडते” हे वाक्य मला पटत नाही. मूल कुणी सांभाळायचं ते आधी ठरवा, मग हुशारीचं बोलू.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, म्हापशाची भाची बारावीला आहे, गणित आवडतं, पण घरचे इंजिनिअरिंगच म्हणतात. ताई, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये गणित आणि संगणकशास्त्र अशी जोड पदवी आहे, प्रवेश परीक्षेने प्रवेश मिळतो. पुढे संशोधनासाठी चेन्नईची गणितीय विज्ञान संस्था आणि मुंबईची टाटा संस्था आहेतच. भाचीचा फॉर्म भरायचा राहिला असेल, तर आज रात्रीच तिच्या आईला फोन करा.