अंगावरून वारं गेल्यावर विम्याचे पैसे कधी मिळतात?

श्रोतेहो, नमस्कार. 'अंगावरून वारं गेलं' असं आपल्याकडे अजूनही म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत तो पक्षाघात, आणि विम्याच्या कागदांवर स्ट्रोक. घरात क्रिटिकल इलनेसची, म्हणजे गंभीर आजाराची पॉलिसी असेल तर दवाखान्यातच विषय निघतो, निदान झालंय ना, मग पैसे मिळतील ना?

नुसत्या निदानावर मिळत नाहीत. मला हे आमच्या काकांच्या आजारपणात कळलं.

या पॉलिसीसाठी स्ट्रोकची व्याख्या विमा नियामक इर्डाने ठरवून दिली आहे. कायमची लक्षणं मागे ठेवणारा स्ट्रोक, असंच तिचं नाव. गुठळीने रक्तवाहिनी बंद झाली काय किंवा मेंदूत रक्तस्राव झाला काय, दोन्ही त्यात बसतात. पण तज्ज्ञाचं निदान हवं, सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये ते दिसायला हवं, आणि आलेला अधूपणा किमान 3 महिने टिकल्याचा पुरावा हवा. थोड्या वेळात हात, तोंड, बोलणं पूर्ववत होतं तो छोटा झटका, म्हणजे टीआयए, यात धरत नाहीत. म्हणून तो अंगावर मात्र काढू नका. मोठ्या झटक्याची ती सूचना असू शकते, लगेच दवाखाना गाठा.

तर आमचे काका. तीन महिन्यांनी चालायला लागले होते, काठी घेऊन. पण उजव्या हाताने शर्टाचं बटण लागत नव्हतं. काकू समोर उभी राहून लावून द्यायची आणि काका भिंतीकडे बघत राहायचे. तपासणीच्या कागदावर मात्र एकच ओळ होती, 'प्रकृतीत सुधारणा'. तेवढ्यावर दावा परत आला. त्या ओळीत खोटं काहीच नव्हतं, पण बटणाचं कुठे होतं? आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हाताची ताकद तपासून 5 पैकी 3 असं लिहिलं, बोटांची पकड, चालण्यातला तोल, बोलण्यातली अडखळ, सगळं तारखेसह लिहून दिलं. तो कागद जोडल्यावर दावा मंजूर झाला.

तेव्हा तीन महिने पूर्ण झाले की मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा आणि रुग्णाला काय काय जमत नाही ते स्वतःहून सांगा. आपली माणसं डॉक्टरांसमोर 'बरं आहे' म्हणून मोकळी होतात. फिजिओथेरपीच्या नोंदीही जपून ठेवा.

पॉलिसी काढल्यावर सुरुवातीचे, बहुधा 90 दिवस, संरक्षण नसतं. निदानानंतर ठरावीक दिवस रुग्ण हयात असण्याचीही अट बहुतेक पॉलिसींत असते, ती आपल्या कागदात बघा. आणि मेडिक्लेम असेल तर तोही सोडू नका. दवाखान्याचं बिल त्यातून भागतं, ही पॉलिसी एकरकमी पैसे देते.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही. फक्त कंपनीचं नकाराचं पत्र आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज द्या. आणि त्याला तो तीन महिन्यांनंतरचा कागद जोडा.