४० मिमीची कडी ३० मिमी होते तेव्हा

(दृश्य : जळगाव एमआयडीसी. मशीनमधून सुटणारे चटईचे रंगीत धागे.)

जळगावला प्लास्टिक नवं नाही. पाइप, ठिबकच्या नळ्या, चटया : दाणा वितळवायचा आणि हवा तो आकार द्यायचा. सिलिकॉन रेझिनही असंच साच्यात बसतं. पण हवेविना १००० अंशांपर्यंत तापवलं की त्याचं सिलिकॉन, ऑक्सिजन आणि कार्बन असलेलं काळं, कठीण सिरॅमिक होतं.

(दृश्य : साच्यातून निघालेली कडी. व्हर्नियरवर ४० मिमी.)

आधी क्युअरिंग, म्हणजे उष्णतेने रेझिन पक्कं करणं. मिथाइल सिलिकॉन रेझिन २०० अंशांच्या आसपास काही तास ठेवतात. रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जुळताना पाणी आणि अल्कोहोल सुटतं. घाई केली की बुडबुडे आत अडकतात. आणि कच्चं राहिलं, तर भट्टीत कडी वितळून पसरते.

मग ट्यूब भट्टी. हवा उपसायची, आर्गॉन (कशाशी न जुळणारा वायू) भरायचा, असं तीनदा. ४०० ते ८०० अंशांत मिथेन आणि हायड्रोजन सुटतात, आणि माल फुटून वाया जातो तो इथेच. या टप्प्यात मिनिटाला एक-दोन अंशच चढवायचे. १००० वर तासभर थांबायचं.

भरताच्या वांग्याला टोचे मारले नाहीत तर ते विस्तवावर फुटतं. नुसत्या रेझिनची भिंत काही शे मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेली की तिचंही तेच. जपानमध्ये संशोधक सेइशी याजिमा यांनी १९७५ साली पॉलीकार्बोसिलेनपासून (सिलिकॉन-कार्बनच्या साखळीचा पॉलिमर) सिलिकॉन कार्बाइडचे तंतू काढले, ते जमलं याचं एक कारण हेच : तंतू केसाहून बारीक, वायूला बाहेरची वाट जवळ.

(दृश्य : भट्टीतून निघालेली कडी. ३० मिमी.)

वजन साधारण पाचव्या हिश्शाने घटलं, घनता जवळपास दुप्पट झाली. लांबीत २५ टक्के आकसणं म्हणजे आकारमान ४२ टक्क्यांवर येणं. साचा त्या हिशेबानेच कापावा लागतो.

जाड वस्तू हवी असेल तर रेझिनमध्ये सिलिकॉन कार्बाइडची पावडर घालतात. ती आकसत नाही, शिवाय कणांच्या फटींतून वायू निघतो. टायटॅनियमची पावडर आणखी कामाची. ती रेझिनमधलाच कार्बन घेऊन टायटॅनियम कार्बाइड होते, फुगते आणि आकसण्याची थोडी भरपाई करते.

भाजलेल्या वस्तूच्या कडेला पांढरट पट्टा दिसला, तर आधी भट्टीचं सील बघा. हवा शिरून कार्बन जळालेला असतो.

सिलिकॉन रेझिनऐवजी पॉलीसिलाझेन (सिलिकॉन-नायट्रोजनच्या साखळीचा पॉलिमर) वापरत असाल, तर मेच्या उन्हापेक्षा जुलैची ओल भारी पडते. दमट हवेत त्यातून अमोनिया सुटतो. बाटली नायट्रोजनखालीच उघडायची.