जहाजाचा रंग, शंखाचे हार्मोन्स आणि २५ देशांच्या सह्या

फ्रान्सच्या नैऋत्य किनाऱ्यावर, बोर्दो शहराच्या जवळ, आर्काशाँ नावाचा उपसागर आहे आणि तिथली कालवं फ्रान्सभर प्रसिद्ध आहेत. तिथले लोक चुना लावलेली कौलं पाण्यात ठेवतात, कालवाची पिल्लं येऊन त्यांना चिकटतात, मग ती खरवडून काढायची आणि वाढवायची, असा हा धंदा. १९७७ पासून पुढची चार-पाच वर्षं काय झालं तर कौलं रिकामीच बाहेर यायला लागली. पिल्लं जगतच नव्हती. आणि जी मोठी कालवं होती त्यांचे शिंपले जाडच्या जाड झालेले, शिंपल्याच्या थरांमध्ये पोकळ्या आणि त्यात जेलीसारखं काहीतरी, म्हणजे बाजारात कुणी घेणार नाही असा माल. जिथे वर्षाला १० ते १५ हजार टन कालवं निघायची तिथे १९८१ मध्ये ३ हजार टनांवर गाडी आली.

रोग असेल, गटाराचं पाणी असेल, सगळं तपासून झालं, आणि शेवटी बोट गेलं ते उपसागरात उन्हाळ्यात येऊन उभ्या राहणाऱ्या हौशी बोटींकडे. बोटींकडे म्हणजे त्यांच्या बुडाला लावलेल्या रंगाकडे.

हा रंग का लावतात ते आधी बघू, कारण त्यात लबाडी काही नव्हती, गरज होती. लाकूड असो, लोखंड असो, समुद्रात काहीही ठेवलं की त्यावर जीव चढतात. आधी शेवाळाचा चिकट थर, मग बार्नकल, म्हणजे आपल्याकडे खडकावर अनवाणी चाललं की पाय कापतात ते पांढरे टणक खडे. जहाजाच्या बुडाला हे सगळं चिकटलं की जहाज पाण्यात ओढ खातं, वेग कमी होतो, इंधन जास्त जळतं, आणि मालकाला दर काही महिन्यांनी जहाज ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या गोदीत, घेऊन बूड खरवडावं लागतं. १९६० च्या दशकात ट्रायब्युटिलटिन, थोडक्यात टीबीटी, हे कथिलाचं सेंद्रिय संयुग रंगात घालायला सुरुवात झाली आणि १९७० च्या दशकात असा रंग आला की जो समुद्राच्या पाण्यात हळूहळू झिजतो आणि झिजताना सतत थोडंथोडं टीबीटी सोडत राहतो, त्यामुळे बूड पाच-पाच वर्षं साफ. जहाजवाल्यांसाठी याच्याइतकी चांगली गोष्ट नव्हती, आणि बघता बघता जगातल्या बहुतेक मोठ्या मालवाहू जहाजांवर हाच रंग लागला.

आता कालवांचं नुकसान हे बऱ्यापैकी सरळ विषबाधेचं प्रकरण होतं. खरी विचित्र गोष्ट शंखांमध्ये चालली होती, आणि ती आर्काशाँच्या आधीच दिसलेली होती.

१९७० मध्ये इंग्लंडमध्ये, प्लिमथच्या किनाऱ्यावर, ब्लेबर नावाच्या संशोधकाने नोंद केली की डॉगव्हेल्क जातीच्या खडकावरच्या शंखांमध्ये माद्यांना नराचं लिंग आलेलं आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कनेटिकट राज्यात स्मिथ नावाच्या संशोधकाने दुसऱ्या जातीच्या शंखात हेच बघितलं, त्याला इम्पोसेक्स असं नाव दिलं, आणि पुढे हे शंख जेवढे बोटींच्या धक्क्याजवळचे तेवढा प्रकार जास्त हेही दिसलं. १९८१ मध्ये त्यानेच प्रयोग करून दाखवलं की याच्या मागे कथिलवाला रंग आहे. म्हणजे लक्षण दिसल्यापासून कारण सापडेपर्यंत दहा-अकरा वर्षं गेली आणि तेवढ्या काळात रंग सगळ्या जगात पोचला.

टीबीटी शंखाच्या हार्मोन्सची व्यवस्था बिघडवतं, त्यामुळे मादीत नेमकं काय होतं ते ऐका. लिंग वाढतं, शुक्रवाहिनी तयार होते, आणि ती वाढता वाढता अंडी बाहेर टाकायच्या मार्गावरच येते आणि तो बंद होतो. अंड्यांच्या पिशव्या आतच साठत जातात आणि शेवटी मादी मरते. आणि हे सुरू व्हायला टीबीटी किती लागतं, तर लिटरभर पाण्यात साधारण एक नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. त्या काळात बऱ्याच प्रयोगशाळांना एवढं कमी मोजताच येत नव्हतं, जे यंत्राला दिसत नव्हतं ते शंखाच्या शरीरात दिसत होतं. पेशींच्या आत आरएक्सआर नावाचा एक रिसेप्टर, म्हणजे रासायनिक संदेश पकडणारं प्रथिन, असतो, कुठली जनुकं कधी चालू करायची याच्याशी त्याचा संबंध, आणि टीबीटी नेमकं त्याला जाऊन पक्कं चिकटतं, हे जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं. हाच रिसेप्टर माणसातही आहे. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की गर्भात असताना टीबीटी मिळालेल्या उंदरांच्या अंगात चरबी जास्त साठते. त्यामुळे हा फक्त शंखांचा प्रश्न आहे असं समजून पुढे जाऊ नका.

डॉगव्हेल्कची अजून एक अडचण आहे. बऱ्याच समुद्री जीवांची पिल्लं पाण्याबरोबर वाहत लांबलांब जातात, याची जात नाहीत, अंड्यातून बाहेर येतात ती सरळ रांगणारी पिल्लं. त्यामुळे एका खडकाळ किनाऱ्यावरचे सगळे शंख संपले की शेजारच्या किनाऱ्यावरून कुणी येऊन ती जागा लवकर भरून काढत नाही. इंग्लंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर प्लिमथच्याच ब्रायन आणि गिब्स यांनी १९८६ मध्ये ही घट व्यवस्थित मांडली.

फ्रान्सने वाट बघितली नाही. जानेवारी १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर हा रंग बंद केला आणि आर्काशाँच्या कौलांवर लवकरच पुन्हा पिल्लं दिसायला लागली. ब्रिटनने १९८७ मध्ये लहान बोटींवर बंदी घातली, अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा केला. पण बहुतेक ठिकाणी बंदी मुख्यतः लहान बोटींवर होती, मोठ्या जहाजांना फारसा कुणी हात लावला नव्हता. आणि का नव्हता ते समजून घेण्यासारखं आहे, माझ्या मते सगळ्या गोष्टीचा गाभाच हा आहे.

समजा एका देशाने ठरवलं की आमच्या ड्राय डॉकमध्ये टीबीटी लावायचं नाही. जहाज काय करणार, दुसऱ्या देशात जाऊन रंग लावून येणार आणि पुन्हा पहिल्या देशाच्या बंदरात येऊन उभं राहणार, तेच टीबीटी त्याच पाण्यात सोडत. म्हणजे त्या देशाचा डॉकचा धंदाही गेला आणि पाणीही साफ झालं नाही. वर जहाजाचा मालक ग्रीसचा, झेंडा, म्हणजे जहाजाची नोंदणी, पनामाचा, खलाशी भारत आणि फिलिपाइन्सचे, माल चीनचा आणि बंदर रॉटरडॅम, अशा जहाजावर नियम कुणाचा चालणार? एकट्याने करण्यासारखं हे काम नव्हतंच.

म्हणून विषय गेला लंडनला, आयएमओकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची जहाज वाहतूक बघणारी संघटना. १९९० मध्ये त्यांच्या पर्यावरण समितीने फक्त शिफारस केली, लहान बोटींवर बंद करा आणि जास्त वेगाने विष सोडणारे रंग वापरू नका. शिफारस ऐकायचीच असं बंधन कुणावर नसतं. मग जपान आणि उत्तर युरोपातले देश मागे लागले, नोव्हेंबर १९९९ मध्ये आयएमओच्या सर्वसाधारण सभेने तारखा ठरवल्या, १ जानेवारी २००३ नंतर नवीन टीबीटी रंग लावायचा नाही आणि १ जानेवारी २००८ नंतर जहाजावर तो उघडा असता कामा नये, आणि ५ ऑक्टोबर २००१ ला करार मंजूर झाला.

मंजूर झाला पण लागू झाला नाही. लागू व्हायला अट होती, किमान २५ देश हवेत आणि त्यांच्या झेंड्याखाली जगातल्या व्यापारी जहाजांच्या एकूण टनेजचा, म्हणजे आकारमानाचा, किमान २५ टक्के वाटा हवा. देश एकेक करून येत राहिले पण मोठे ताफे येईनात, आणि २००३ ची तारीख अशीच निघून गेली. या काळात युरोपियन युनियनने आपला वेगळा नियम केला, जुलै २००३ पासून युरोपच्या झेंड्याच्या जहाजांवर हा रंग लावायला बंदी आणि २००८ पासून टीबीटी उघडं असलेलं कुठलंही जहाज, झेंडा कुणाचाही असो, युरोपच्या बंदरात येऊ द्यायचं नाही. युरोपचं बंदर बंद म्हणजे धंद्याचा मोठा भाग बंद, त्यामुळे हा दबाव खरा दबाव होता. शेवटी १७ सप्टेंबर २००७ ला पनामा आला, पंचविसावा देश, आणि पनामाच्या झेंड्याखाली इतकी जहाजं की टनेज एकदम ३८ टक्क्यांवर गेलं. त्यानंतर नियमाप्रमाणे बारा महिने, आणि १७ सप्टेंबर २००८ ला करार जगात लागू झाला. मंजुरीपासून सात वर्षं. मला ही सात वर्षं फार वाटतात, कारण तेव्हा विज्ञानात काही शंका उरलेली नव्हती.

पण करार बनवला चांगला हे मान्य करायला पाहिजे. ४०० ग्रॉस टनेजच्या वरच्या, परदेशी फेऱ्या करणाऱ्या जहाजाकडे बुडावर कुठला रंग आहे याचं सर्टिफिकेट लागतं, मर्चंट नेव्हीत असलेल्या कुणालाही विचारा, त्यांना ते माहीत असतं. बंदरातले अधिकारी ते बघतात, शंका आली तर बुडावरच्या रंगाचा नमुना घेतात. जुना रंग पूर्ण खरवडायचा नसेल तर वरून सील करणारा थर द्यायची सोय आहे. आणि करारात न आलेल्या देशाच्या जहाजांनाही सवलत मिळत नाही, त्यामुळे बाहेर राहून फायदा काही नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथल्या संशोधकांनी १९९९ मध्ये मुरगाव बंदराच्या आसपासच्या क्रोनिया कोंकणेन्सिस या छोट्या शंखात इम्पोसेक्सची नोंद प्रसिद्ध केली. नंतर याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावरचं पाणी, गाळ आणि जीव तपासले तर त्यातही ही संयुगं मिळाली. म्हणजे प्लिमथला जे घडलं ते मुरगावलाही घडत होतं, कारण जहाजं तीच होती आणि रंगही तोच. आपल्याकडे २०१४ मध्ये मर्चंट शिपिंग कायद्यात दुरुस्ती करून अशा रंगांवर नियंत्रणाचा भाग घालण्यात आला.

बंदीचा फायदा झाला का? झाला, आणि तो मोजलेला आहे. नॉर्वेने १९९१ पासून आपल्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं डॉगव्हेल्क तपासले आणि २०१७ पर्यंत तिथला इम्पोसेक्स जवळपास नाहीसा झाला. ब्रिटनमध्येही खूप ठिकाणी शंख परत आले. गाळाचं मात्र वेगळं आहे, ऑक्सिजन नसलेल्या गाळात टीबीटी दशकानुदशकं टिकतं, त्यामुळे जुन्या बंदरात किंवा डॉकजवळ ड्रेजिंग, म्हणजे तळाचा गाळ उपसायचं काम, करताना आधी गाळ तपासायलाच हवा.

हार्मोन बिघडवणारी बाकीची रसायनं, प्लास्टिकमधले थॅलेट्स आणि बिस्फेनॉल, काही कीटकनाशकं, यांच्या बाबतीत जग अजून इतकं पुढे आलेलं नाही. २०१२ मध्ये नैरोबीच्या रसायनविषयक परिषदेत देशांनी हा विषय एकत्र हाताळायचं ठरवलं, २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि यूएनईपी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, यांचा मोठा अहवाल आला. पण ते सगळं ऐच्छिक आहे, आणि जहाजाचं बूड जसं बंदरात उभं करून तपासता येतं तसं घराघरातल्या हजारो वस्तूंचं करता येत नाही. तरी एक कलम तिथे जसंच्या तसं घ्यावं असं मला मनापासून वाटतं. रंगांच्या करारात सहावं कलम आहे, नवीन रसायनावर प्रस्ताव आला की पूर्ण वैज्ञानिक खात्री नाही एवढ्या कारणावरून तो अडवता येणार नाही.

त्याच वाटेने युरोपियन युनियनच्या बाजूने आलेल्या प्रस्तावावरून सायब्युट्रीन नावाचं शेवाळनाशक, जे टीबीटी गेल्यावर रंगांत वापरलं जात होतं, जून २०२१ मध्ये बंदीच्या यादीत घातलं गेलं आणि १ जानेवारी २०२३ पासून बंदी लागू झाली. आणि २६ जून २०२५ पासून जहाज तोडण्याबद्दलचा हाँगकाँग करार लागू आहे, भारत त्यात २०१९ पासून आहे, त्यानुसार जहाजावरच्या घातक पदार्थांच्या यादीत कथिलवाला रंगही लिहावा लागतो, म्हणजे गुजरातमध्ये अलंगच्या किनाऱ्यावर प्लेट कापायला घेणाऱ्या कामगाराच्या मुकादमाला ते जहाज येण्याआधीच कळू शकतं की या बुडावर काय आहे.