जुन्या पिकअपचा एक्झॉस्ट सुधारताना

जुनी पिकअप बाळगणारा माणूस एक्झॉस्टविषयी, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या आणि सायलेन्सरविषयी, बोलू लागला, की दुसऱ्याच वाक्यात नळीच्या व्यासावर येतो आणि ‘तीन इंची बसवू का?’ असे विचारतो. मी मात्र त्याला आधी गाडीखाली आडवे व्हायला सांगतो, कारण वीस-पंचवीस वर्षे धावलेल्या गाडीत जी ताकद आपण नव्या नळीत शोधत असतो, ती पुष्कळदा जुन्या नळीतल्या अडथळ्यामागे अडकून पडलेली असते.

माझ्या एका पेट्रोल पिकअपला चढावर धाप लागत असे. इंधनाचा फिल्टर, प्लग, टायमिंग सगळे तपासून झाले होते आणि सायलेन्सर बाहेरून ठणठणीत दिसत होता. तो उतरवून हलवला तेव्हा आत काहीतरी खुळखुळले. कापून पाहिल्यावर आतला छिद्रांचा पडदा गंजून सुटलेला आढळला. इंजिनावर जोर आला की तो मागच्या तोंडावर जाऊन बसत असे. सपाटीवर ठीक चालणारी गाडी चढावर का गुदमरते, याचा उलगडा तेव्हा झाला. खरे तर त्यासाठी कापाकापीची गरज नव्हती. पेट्रोल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांच्या जोडाला) व्हॅक्यूम गेज, म्हणजे आतली ओढ मोजणारे मीटर, लावून इंजिन मिनिटाला 2500 फेऱ्यांवर स्थिर धरावे. काटा हळूहळू खाली उतरू लागला, तर एक्झॉस्टची वाट तुंबली आहे असा संशय घ्यावा.

सायलेन्सर आतून का कुजतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी तयार होते. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जाते, पण रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत नळी नीट तापतच नाही आणि ते पाणी सायलेन्सरच्या तळाशी साचून राहते. म्हणून साध्या पोलादाची नळी मी सुचवत नाही. ॲल्युमिनियमचा थर दिलेले पोलाद बऱ्याच गाड्यांना पुरते. 409 जातीच्या स्टेनलेसमध्ये सुमारे 11 टक्के क्रोमियम असते. त्यावर तांबूस डाग पडतात, पण ते बहुधा वरवरचे असतात. 304 मध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते आणि ते सर्वांत टिकाऊ ठरते, मात्र तापल्यावर ते साध्या पोलादापेक्षा बरेच जास्त वाढते. तीन मीटर लांबीची 304 ची नळी 300 अंशांनी तापली, तर सुमारे 15 मिलिमीटर लांब होते. ही वाढ सामावून घेण्यासाठीच नळी रबरी हँगरवर टांगलेली असते. ती चेसिसला घट्ट वेल्ड करून टाकणारे कारागीर मी पाहिले आहेत. ती पुढे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या जोडाच्या) सांध्यापाशी तडकली, तर दोष नळीला देऊ नये.

आता व्यासाकडे येऊ. ‘इंजिनाला थोडे बॅक प्रेशर (बाहेर जाणाऱ्या धुराला होणारा उलटा दाब) लागतेच’ हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. ते चुकीचे आहे, पण त्यामागचा अनुभव खरा आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा पिस्टन अजून खाली जात असतो आणि जळका वायू दाबाने बाहेर झेपावतो. त्या झेपेच्या पाठीमागे क्षणभर कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि तो सिलिंडरमधला उरलासुरला वायू ओढून घेतो. इंजिनाला हवा असतो तो हा वेग. आतला व्यास दोन इंचांवरून अडीच इंचांवर नेला, तर छेदाचे क्षेत्रफळ 56 टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्याच प्रवाहाचा वेग एक तृतीयांशाहून अधिक घटतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळच्या नळ्यांत ही घट सर्वांत जास्त भोवते. भार वाहणारी पिकअप आपले आयुष्य कमी फेऱ्यांवर काढते, तेव्हा शर्यतीच्या गाडीचे माप तिला लावणे मला पटत नाही. त्यापेक्षा वळणांकडे लक्ष द्यावे. साध्या यंत्रावर दाबून वाकवलेली नळी वळणापाशी चेपते. आत मँड्रेल (नळीला आतून आधार देणारा दांडा) घालून वाकवलेली नळी तिचा व्यास राखते. चेपलेल्या अडीच इंचीपेक्षा न चेपलेली सव्वादोन इंची अनेकदा बरी.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, काढून टाकण्याचा मोह टाळावा, कारण तो काढणे अनेक देशांत गुन्हा आहे. तो फार मागेही सरकवू नये, कारण साधारण 250 ते 300 अंश तापल्याशिवाय तो नीट काम करत नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सोडवताना घाई करू नये. गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच नटांवर सोडावे आणि नट कुरकुरला, तर अर्धा फेरा मागे घेऊन पुन्हा सोडवावा. माझा एक स्टड (नट ज्यावर बसतो तो आटेदार खिळा) घाईमुळे इंजिनाच्या हेडमध्येच तुटला आणि दोन तासांचे काम दोन दिवस चालले. सांध्यात बसणारी गळतीरोधक पट्टी, म्हणजे गॅस्केट, नवेच घ्यावे. धुरातला ऑक्सिजन मोजून इंजिनाच्या संगणकाला कळवणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी बारीकशी फट राहिली, तरी दोन झेपांच्या मधल्या कमी दाबात बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि संगणक उगाच इंधन वाढवतो. मग गाडी पेट्रोल पिऊ लागली, म्हणून लोक नव्या सायलेन्सरला बोल लावतात.

शेवटची नळी हौद्याखाली तोडून सोडू नये, मागच्या किंवा बाजूच्या कडेबाहेर काढावी. धावत्या गाडीच्या मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि तिथे घुटमळणारा धूर केबिनच्या मागच्या खिडकीतून किंवा तळाच्या गंजलेल्या भोकांतून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. काम झाल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, क्लॅम्प पुन्हा आवळावेत आणि प्रत्येक सांध्याभोवती टॉर्च फिरवून पाहावे. काजळीची बारीक काळी रेघ दिसली, तर तो सांधा त्याच दिवशी उघडावा.