पत्र्याखालची रेस अन् पाठीचा घाम

(पडद्यावर इटलीतल्या मोंझाच्या रेस ट्रॅकची पहिली शिकेन, म्हणजे लागोपाठची उलटसुलट वळणं, आवाज फक्त इंजिनचा. मग कॅमेरा हळूहळू मागं येतो, खोली दिसते.)

स्क्रीनवर इटली चालू आहे अन् खोली आहे जालन्यातली. हे सिम रेसिंग, म्हणजे खरं स्टीअरिंग अन् पेडल लावून कंप्युटरवर खेळायची रेस. गच्चीवरची, पत्र्याची, मे महिना, दुपारचे साडेतीन. मोबाईलवर बाहेरचं 42 दाखवायलंय, आत किती असेल ते बघायला थर्मामीटर लावलेलंच नाही, उगीच जिवाला घोर कशाला. सीटवर बसलेला पोरगा माझा मावसभाऊ. अंगात बनियन, पायात नुसते मोजे, बूट घातले की पेडलचा अंदाज येत नाही म्हणतो. आता तो ब्रेक मारेल तेव्हा त्याच्या पाठीकडं बघा.

बघितलं? पाठ सीटला चिकटली अन् सुटताना चर्रर्र झालं. या एका आवाजापायी आमचे दोन उन्हाळे गेलेत.

आधी रिग बघून घ्या, म्हणजे सीट, स्टीअरिंग अन् पेडल बसवायचा सांगाडा. पैसेवाले लोक अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलचं रिग मागवतात, पण जालन्यात राहून लोखंड बाहेरून मागवायचं म्हणजे विहिरीजवळ राहून टँकर बोलावल्यासारखं, म्हणून यानं चौकोनी पाइप आणून इथंच वेल्डिंग मारून घेतलं. स्टीअरिंग डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच थेट चाक, मधे पट्टा नाही गिअर नाही. ब्रेक लोडसेलचा, तो पाय किती खाली गेला ते मोजत नाही, किती जोर लावला ते मोजतो. यानं 60 किलोवर सेट केलाय. म्हणजे दर वळणाला पायानं 60 किलो दाबायचे अन् तेवढंच पाठीनं मागं रेटायचं, तास तासभर. हे खुर्चीत बसून गेम खेळणं नाही राव, घरातल्यांना अजून पटलेलं नाही ते सोडा.

अन् सीट? फायबरचं कवच, त्यावर फोम, वरून काळं रेक्झिन.

(पडद्यावर ओटा. ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ.)

माठ थंड कशानं होतो हे आपल्याकडं लहान लेकरालाही माहीत असतं. पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. आता त्याच माठाला प्लास्टिकची पिशवी गच्च बांधा अन् उन्हात ठेवा. झालं, पाणी कोमट. रेक्झिनच्या सीटवर बसलेली पाठ म्हणजे पिशवी बांधलेला माठ. घाम यायलाय, नुसता यायलाय, उडायला जागाच नाही. निवांत बसलेला माणूस साधारण 100 वॅटचा बल्ब असतो, तासाला 100 ग्रॅम घाम नीट उडाला तर त्यातले 65-70 वॅट निघून जातात. नुसता ओघळून बनियनमध्ये जिरला तर काहीच जात नाही, वरून खाज.

त्यात मागं पीसी. गेम चालू असताना 400 वॅटच्या आसपास खातो अन् ते सगळे शेवटी उष्णता होऊन याच खोलीत. बंद खोलीत छोटा हीटरच म्हणा.

गाड्यांमध्ये यावर उपाय कधीच आलाय. 1990 च्या दशकाच्या शेवटी साब 9-5 मध्ये पंखेवाल्या सीट मिळायच्या, आपल्याकडं 2017 च्या ह्युंदाई व्हर्नामध्ये आल्या तेव्हा शोरूममध्ये लोक फक्त बसून बघायला जायचे. सीटला बारीक छिद्रं, आत जाळी, खाली पंखा, एवढंच असतं. गंमत म्हणजे फॉर्म्युला वनच्या गाडीच्या सीटमध्ये हे नसतं. तिथले ड्रायव्हर कार्बनच्या कवचात बसतात, त्यात आगीपासून वाचवणारा जाड सूट. 2023 च्या कतारच्या रेसमध्ये ओकॉन नावाच्या ड्रायव्हरला हेल्मेटमध्येच उलटी झाली, सार्जंट नावाच्या दुसऱ्यानं तर रेस अर्ध्यात सोडली. मग 2025 पासून नियम आला, हवेतला दमटपणा धरून हीट इंडेक्स 31 अंशांच्या वर जाणार असेल तर तसं जाहीर करायचं अन् गाडीत कूलिंग बसवायचं, म्हणजे बारीक नळ्यांची बनियन, नळ्यांतून थंड पाणी फिरतं. ऑक्टोबर 2025 ला सिंगापूरला पहिल्यांदा तसं जाहीर झालं. 31! आमच्याकडं 31 ला लोक चहा पितात.

(पडद्यावर कुशनचं दुकान, फोमचे ठोकळे, शिलाई मशीन.)

पहिला विचार सोपा होता, भंगारातल्या गाडीची तयार सीट आणायची. तुम्ही करणार असाल तर थांबा. एक तर त्यातले पंखे बहुतेक वेळा गाडीच्या कंप्युटरचं ऐकतात, नुसते 12 व्होल्ट जोडले तर ढिम्म हलत नाहीत. दुसरं अन् मोठं, अशा सीटच्या कडेला बऱ्याचदा साइड एअरबॅग असते, त्या पिवळ्या वायरला मल्टिमीटर लावून बघायचा मोह आवरा, ती फुटली तर मांडीवर फुटेल. आम्ही सीट तशीच परत दिली.

मग जुनीच सीट उघडली. फायबरला छिद्रं पाडली, तोंडाला रुमाल बांधूनही ती बारीक धूळ दोन दिवस अंगाला टोचत होती. मागून कंप्युटरचे दोन पंखे लावले, चालू केले, हात लावला तर मस्त वारा. पाठ टेकवली की वारा गायब. हा पंखा मोकळ्यात भरपूर हवा फेकतो पण अडथळा आला की हार मानतो, त्याला दाब जमत नाही. दाब जमतो ब्लोअरला, गोगलगायीसारखा गोल असतो तो. थ्रीडी प्रिंटरला लागतो तो 50 मिलिमीटरचा छोटा ब्लोअर बसवला, हवा आली पण शिट्टीसारखा आवाज, ऑनलाइन रेसच्या टीममधले पोरं माइकवर विचारायले, अरे मिक्सर कोण लावलाय. शेवटी मोठा ब्लोअर घेतला अन् रेग्युलेटर लावून अर्ध्या स्पीडवर ठेवला.

तरी पाठ ओलीच. अन् उलट गरम लागायली. दोन दिवसांनी कळलं, ब्लोअर हवा ओढत होता कुठून, तर पीसीच्या मागून! म्हणजे ग्राफिक्स कार्डची भट्टी आम्ही पाइपनं पाठीला जोडली होती. यावर जास्त बोलणार नाही.

खरं उत्तर कुशनवाल्या चाचांनी दिलं. सीट आलटून पालटून बघितली, फोम दाबला अन् म्हणाले, "फोम हवा को नै छोडता बेटा, तुम पंखा लगाव या तुफान लगाव." मग बाहेर उभ्या जीपकडं बोट. काळीपिवळीच्या ड्रायव्हरच्या सीटवर लाकडी मण्यांची गादी. माझ्या आयुष्यात मी ती हजारदा बघितलीय अन् एकदाही विचार केला नाही की ती कशाला असते. मणी पाठीला अन् सीटला वेगळं ठेवतात, मधून हवा जाते, पंखा नाही, वायर नाही, अन् ड्रायव्हर परभणीपर्यंत बिनघोर.

रेसिंगला मणी चालत नाहीत, ब्रेक मारला की बरगड्यांत घुसतात, आम्ही करून बघितलंय. पण तत्त्व तेच. चाचांनी फोमचा वरचा थर कापला, तिथं जाड जाळीचं कापड घातलं, दोन पदर अन् मधे उभे धागे असतात ते, स्पेसर मेश म्हणतात. पहिलं आणलं ते मऊ होतं, 60 किलोचा रेटा आला की चपटं होऊन हवा बंद, म्हणजे नेमकी गरज असताना. दुसरं कडक आणलं. रेक्झिन काढून छिद्राचं कापड शिवलं. माझं स्पष्ट मत आहे, पंख्यावर सगळे खर्च करतात, जाळीवर कोणी करत नाही, अन् काम जाळी करते.

वारा पाठीवर सोडायचा की पाठीकडून ओढायचा, यावर आमची भांडणं झालीत. सोडला तर लगेच गार वाटतं. पण खोलीची हवाच कातडीपेक्षा गरम असली तर ती उष्णता आणते, वाचवतो तो फक्त उडणारा घाम. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी, म्हणून जमतं. आम्ही ओढायचा ठेवला, घामाची दमट हवा खाली जाते अन् जालन्याची धूळ अंगावर येत नाही.

अन् कूलर. कूलर लावून खिडकी बंद केली की खोली दमट होते, मग घाम उडत नाही अन् सीट निकामी. समोरची खिडकी उघडीच पाहिजे. ऊन येतं म्हणून मावशी ती येऊन लावते, भाऊ परत उघडतो, असं दिवसातून चारदा.

(पडद्यावर रात्र. टीमची लांब रेस, पन्नास मिनिटांचा स्टिंट, म्हणजे एका ड्रायव्हरची सलग पाळी. मग काळोख.)

शूटिंगच्या शेवटच्या रात्री स्टिंटची शेवटची पाच मिनिटं राहिली अन् लाइट गेली. इन्व्हर्टरवर पीसी नाही, ट्यूब अन् पंखे आहेत, अन् सीटचा ब्लोअरही भावानं तिकडंच जोडलाय. रेस गेली. भावानं हेडफोन काढला, शिवी दिली ती कापलीय, अन् खाली जाऊन पाणी पिऊन आला तोवर सीटवर काका येऊन बसलेले, पाठ टेकून, डोळे मिटून.

"काका, उठा की."

"लाइट आली का?"

"नाही."

"मग बस तिकडं बाजेवर."