फेऱ्या मोजू नका: 'डार्क'च्या फॅन थिअरी कशा तपासाव्यात

मंडळी, 'डार्क' या काळप्रवासाच्या जर्मन मालिकेचे तिन्ही सिझन पाहिलेत असं धरूनच बोलतो. शेवटापर्यंतचं सगळं यात येणार आहे.

'डार्क'वर 2017 ते 2020 या काळात असंख्य थिअरी मांडल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याचशा एकाच ठिकाणी अडखळतात. वस्तू कुठून आली आणि माहिती कुठून आली, हे दोन प्रश्न त्या एकत्र करतात. म्हणून आधी कागद घ्या आणि प्रत्येक वस्तूसाठी, प्रत्येक माणसासाठी वेगळी ओळ आखा. सन बाजूला ठेवा, त्या वस्तूचं स्वतःचं वय जसं वाढतं त्या क्रमाने घटना लिहा.

घड्याळजी टानहाउसचं काळयंत्र घ्या. 1953 मध्ये म्हातारी क्लाउडिया त्याला आराखडा देते. 1986 मध्ये एक अनोळखी माणूस नादुरुस्त यंत्र घेऊन येतो आणि ते उघडून पाहिल्यावर टानहाउसचं स्वतःचं अपुरं यंत्र पुरं होतं. ते नादुरुस्त यंत्र म्हणजे याच कोऱ्या यंत्राचं पुढचं वय. म्हणजे धातूच्या ओळीला सुरुवात आहे, ती कारखान्यात. 'फिरून फिरून यंत्र झिजून जाईल' हा आक्षेप इथे लागूच होत नाही. सुरुवात नाही ती आराखड्याला. तो कुणीच शोधलेला नाही.

शार्लट आणि एलिझाबेथ एकमेकींच्या आई आणि मुलगीही, हे प्रकरण जास्त अवघड आहे. गुणसूत्रांचं निभावतं, कारण पीटर आणि नोआ या दोन बापांकडून बाहेरचा वाटा येत राहतो. पण मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाचा) डीएनए फक्त आईकडून येतो. त्याच्या 16,569 अक्षरांच्या जोड्यांना या दोघींपलीकडे उगमच नाही! शार्लटकडून एलिझाबेथकडे जाताना एक अक्षर जरी बदललं, तरी परतीच्या वाटेवर नेमकं तेच अक्षर पूर्ववत व्हावं लागेल. नाहीतर शार्लट ही शार्लट राहणार नाही.

इथे हमखास एक थिअरी पुढे येते: काळाच्या चक्राच्या दर फेरीला बदल साठत जातात आणि शेवटी त्या चक्राची गाठ सुटते. पात्रांच्या तोंडीही चक्राची भाषा आहे, त्यामुळे ती पटतेही. पण काळाची रेघ एकच असेल तर फेऱ्या नसतातच. वर्तुळ एकदाच घडतं. भौतिकशास्त्रज्ञ इगॉर नोव्हिकोव्ह यांचं सुसंगततेचं तत्त्व नेमकं हेच सांगतं: विसंगती निर्माण करणारी घटना घडण्याची शक्यता शून्य. पहिल्या दोन सिझनना हा नियम चपखल बसतो.

(मालिकेतल्या काळउड्या 33 वर्षांच्या असतात, सूर्य आणि चंद्राची चक्रं तेव्हा जुळतात म्हणून. त्या आकड्यावर फार भार टाकू नका. 33 सौर वर्षं आणि 34 चांद्र वर्षं यांत सुमारे साडेचार दिवसांचा फरक उरतो, त्यामुळे दिवसाबरहुकूम बांधलेली थिअरी टिकत नाही.)

तिसऱ्या सिझनमध्ये नियम बदलतो. प्रलयाच्या क्षणी काळ थांबतो, कार्यकारणाची साखळी तुटते आणि मार्था नायक योनासला घेऊन जाते आणि नेतही नाही, असं दोन्ही घडतं. म्हणून थिअरी वाचताना आधी हे बघा की ती साखळीतल्या या फटीच्या अलीकडच्या नियमाने बोलते आहे की पलीकडच्या. शेवटासाठी बहुतेक जण शाखांचं उत्तर देतात: टानहाउसच्या मुलाच्या कुटुंबाचा 1971 चा अपघात टळला आणि काळाची नवी शाखा फुटली. मला ते अपुरं वाटतं. जुनी शाखा शाबूत असेल, तर योनास आणि मार्था विरून का जातात?