मागचा डिरेलर बदलण्याआधी

(पुण्यात सायकलस्वारांसाठी झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. रविवारी सकाळी सिंहगड सोडून इतकी मंडळी हॉलमध्ये येऊन बसलीत, म्हणजे बऱ्याच जणांच्या सायकली कुरकुर करतायत असं मी धरून चालतो.

विषय छापलाय 'मागचा डिरेलर कसा बदलावा'. डिरेलर म्हणजे मागच्या चाकापाशी चेनला एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवून गियर बदलणारा भाग. तेवढंच सांगायचं तर पाच मिनिटांत घरी जाता येईल. पाच मिलिमीटरची अ‍ॅलन की घ्या, जुना काढा, नवा लावा, वायर आवळा. पण दुकानात 'डिरेलर गेला, नवीन टाका' म्हणत ज्या सायकली येतात, त्यातल्या पुष्कळ सायकलींचा डिरेलर ठणठणीत असतो. वाकलेला असतो तो हँगर, नाहीतर चेन चुकीच्या वाटेने ओवलेली असते. अशा सायकलला नवा डिरेलर लावला तरी तोसुद्धा तसाच कुरकुरतो आणि मग दोष जातो कंपनीला. म्हणून आज डिरेलरबद्दल कमी आणि त्याच्या शेजाऱ्यांबद्दल जास्त बोलणार आहे.

हँगर म्हणजे फ्रेम आणि डिरेलर यांच्यामधला तो छोटासा तुकडा. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला तो वेगळा, स्क्रूने बसवलेला असतो आणि मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. सायकल पडली तर त्याने वाकायचं किंवा तुटायचं आणि फ्रेम वाचवायची, एवढंच त्याचं काम. आता आपल्या सोसायट्यांची पार्किंग आठवा. खांबाला टेकवून ठेवलेली सायकल, शेजारी कुणीतरी स्कूटर काढताना लागलेला धक्का, आणि सायकल उजव्या अंगावर आडवी. उचलून ठेवणारा बिचारा भला माणूस असतो, पण तो सांगायला येत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही निघता आणि तिसऱ्या गियरला सायकल आपोआप चौथ्यात जाते. सायकल टेकवायची तर डाव्या बाजूने टेकवा. टेम्पोत किंवा रेल्वेच्या लगेजमध्ये टाकायची असेल तर डिरेलर सोडवून, फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. एका बोल्टचं काम आहे.

एवढासा वाक इतका त्रास का देतो, याचं कारण जरा इतिहासात आहे. डिरेलर ही फ्रान्समधल्या हौशी प्रवाशांनी वाढवलेली गोष्ट. टूर द फ्रान्समध्ये स्पर्धकांना तो वापरायला १९३७ साली परवानगी मिळाली. तोवर बिचारे चाक काढून, उलटं बसवून गियर बदलत. पुढे १९६४ मध्ये सनटूर या जपानी कंपनीने तिरका समांतरभुज डिरेलर काढला. त्यामुळे डिरेलरच्या दोन छोट्या चाकांपैकी वरचं चाक कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संचाच्या, उताराशी समांतर सरकू लागलं आणि प्रत्येक चकतीपासून त्याचं अंतर साधारण सारखं राहू लागलं. त्या पेटंटची मुदत संपली आणि बाकीच्यांनी ती रचना उचलली. शिमानोने १९८४ मध्ये खटक्याचे गियर आणले, म्हणजे हँडलवर एक खटका, मागे एक चकती. त्याआधी गियरचा दांडा अंदाजाने सरकवायचा, आवाज थांबेपर्यंत हाताने सावरून घ्यायचा. हँगर थोडा वाकलेला असला तरी हात ते भरून काढी. खटक्याने ती मुभा काढून घेतली. सात गियरच्या सायकलमध्ये दोन चकत्यांमधलं अंतर साधारण ५ मिलिमीटर असतं, अकरामध्ये ते पावणेचारच्या आसपास येतं. एवढ्याशा जागेत हँगर एक-दीड मिलिमीटर तिरका झाला, तर एक खटका कधी अपुरा पडतो, कधी जास्त होतो.

तपासायचं कसं? सायकलच्या मागे उकिडवे बसा. एक डोळा मिटा. मागची चकती आणि डिरेलरची दोन छोटी चाकं एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. खालचं चाक आत, स्पोककडे कललेलं दिसलं तर हँगर गेला, बहुतेक वेळा तो आतच वाकतो. मोजून बघायचं असेल तर त्यासाठी गेज मिळतो. तो हँगरच्या आट्यात बसवून रिमपासूनचं अंतर वर, खाली, पुढे, मागे मोजायचं. रिम हँगरपासून लांब असल्याने तिथे वाक मोठा होऊन दिसतो, म्हणून चार मिलिमीटरच्या आत फरक असेल तर चालतं. गेज नसेल तर जुन्या मेकॅनिकांची एक युक्ती आहे. हँगरचे आटे असतात १० मिलिमीटर व्यासाचे, १ मिलिमीटर अंतराचे, आणि क्विक रिलीजवाल्या, म्हणजे पाना न लावता दांडीने सुटणाऱ्या, मागच्या चाकाच्या पोकळ अ‍ॅक्सलचेही तेच. दुसऱ्या सायकलचं असं चाक हँगरमध्ये फिरवून बसवा. दोन्ही चाकं समांतर दिसली तर हँगर सरळ. नटवाल्या भरीव अ‍ॅक्सलवर मात्र हा प्रयोग करू नका. त्याचे आटे बऱ्याचदा वेगळे असतात आणि जबरदस्ती केली तर हँगरचेच आटे जातील. एकदा सरळ केलेला अ‍ॅल्युमिनियमचा हँगर पुन्हा वाकला तर तो बदलाच. जास्तीचा एक पिशवीत ठेवा, आणि घेताना जुना बरोबर न्या, कारण हँगरचे नमुने शेकड्यांनी आहेत. लोखंडी फ्रेमच्या स्वस्त सायकलला हँगरच नसतो, डिरेलर पट्टीसकट येतो आणि ती पट्टी अ‍ॅक्सलच्या नटखाली दाबली जाते. नवा घेताना आपली सायकल कुठल्या जातीची आहे, तेवढं बघून निघा.

समजा, हँगर सरळ आहे आणि डिरेलर खरोखरच खलास झालाय. छोटी चाकं धरून ठेवणारा पिंजरा पिळवटलाय, किंवा सांधे इतके ढिले झालेत की हाताने हलवला तरी खडखडतो. मग कुठला घ्यायचा? दुकानदार आधी 'किती गियर' विचारतो. ते बरोबरच आहे, पण पुरेसं नाही. डिरेलर किती चेन सावरू शकतो, तेही बघावं लागतं. पुढच्या मोठ्या चकतीच्या दात्यांतून छोटीचे दाते वजा करा, मागच्या मोठीच्या दात्यांतून छोटीचे वजा करा, आणि दोन्ही बेरजेला घ्या. पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४ ते २८ असेल तर १८ अधिक १४, म्हणजे ३२. कुणी घाटासाठी म्हणून मागे १४ ते ३४ टाकलं की तोच आकडा ३८ होतो. डिरेलरची क्षमता त्यापेक्षा कमी असेल तर एकतर पुढे-मागे दोन्हीकडे छोटी चकती असताना चेन लोंबते, नाहीतर दोन्हीकडे मोठी असताना ताणून डिरेलरच उपटून काढते. शिमानोच्या सहा ते नऊ गियरच्या डिरेलरांची वायर ओढण्याची पद्धत साधारण सारखी आहे, ते एकमेकांच्या जागी बहुतेक चालतात. दहापासून पुढे तसं गृहीत धरू नका, आणि एका कंपनीचा शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गियरचा खटका, दुसऱ्या कंपनीचा डिरेलर ही जोडी जुळवण्याआधी नीट चौकशी करा.

बसवताना दोन ठिकाणी घोळ होतो. पहिलं, डिरेलर थोडा मागे फिरवून धरा. त्याच्या पाठीवर एक छोटा स्क्रू किंवा टोक असतं, ते हँगरच्या कडेला मागून टेकलं पाहिजे. ते मध्ये अडकवून कुणी बोल्ट आवळला की डिरेलर तिरका बसतो आणि नंतर कितीही स्क्रू फिरवा, काही होत नाही. दुसरं, आट्यांना ग्रीस लावून बोल्ट आधी बोटांनी फिरवा. दोन-तीन वेढे बोटांनी सहज गेले तरच अ‍ॅलन की लावा. आडवा गेलेला आटा म्हणजे नवा हँगर.

आता चेन. इथे जरा थांबतो, कारण ही चूक हुशार माणसंसुद्धा करतात. सायकलच्या उजव्या बाजूला बसा. कॅसेटच्या मागून खाली येणारी चेन वरच्या छोट्या चाकाच्या पुढून उतरते, तिथून मागे जाते, खालच्या छोट्या चाकाला मागून वळसा घालते आणि मग पायडलकडे निघते. उजवीकडून पाहिलं तर इंग्रजी एस आरशात दिसावा तसा आकार. इथवर बहुतेकांना जमतं. फसतात ते पुढे. पिंजऱ्याच्या आतल्या पट्टीवर, दोन चाकांच्या मध्ये, नखाएवढी एक धातूची जीभ असते. वरच्या चाकावरून चेन घसरू नये म्हणून ती दिलेली. चेन ती जीभ आणि छोटं चाक यांच्या मधून गेली पाहिजे. घाईत ती जिभेच्या पलीकडून ओवली जाते. गंमत म्हणजे सायकल तरीही चालते! गियरही पडतात. फक्त कुर्र असा बारीक आवाज येत राहतो आणि लोक तेल घालत बसतात. खात्री करायची तर पायडल हळू उलटं फिरवा आणि चेनकडे बघा. छोट्या चाकांचे दाते सोडून पिंजऱ्यात कुठेच तिचा धातूला स्पर्श होता कामा नये. जिभेवर चकाकणारा ओरखडा दिसला तर चेन आजवर चुकीच्या वाटेने जात होती, हे नक्की.

चेन जोडण्याआधी आणखी दोन गोष्टी बघा. ती पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्यातून गेलीय का? आणि चेनचा एक पदर फ्रेमच्या मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या आडव्या नळीच्या वरून, दुसरा खालून आहे का? दोन्ही खालून घेऊन जोडलेली चेन मी पाहिली आहे. ती पुन्हा तोडण्यावाचून इलाज नसतो. लांबीसाठी सोपा हिशेब असा: डिरेलर बाजूला ठेवा, पुढच्या आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवरून चेन सरळ फिरवा, टोकं जिथे जुळतात त्यापुढे दोन कड्या, म्हणजे एक इंच, ठेवा आणि तोडा. जुनी चेन वापरणार असाल तर आधी स्टीलच्या पट्टीने मोजा. एका पिनच्या मध्यापासून २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. एक षोडशांश इंच जास्त भरली तर ती बदला, नाहीतर कॅसेटही खाऊन टाकेल. मास्टर लिंक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी सुटी कडी, लावली असेल तर ती वरच्या पदरात आणा, मागचा ब्रेक दाबा आणि पायडलवर वजन द्या. खट्ट आवाज आला की बसली. दुकानात चेन न उघडता डिरेलर बदललेला दिसला तर बुचकळ्यात पडू नका. छोट्या चाकांचे बोल्ट काढून पिंजरा उघडता येतो. वेळ वाचतो, फक्त ती चाकं वरची वर, खालची खाली आणि त्याच बाजूने परत बसवायची.

ट्यूनिंगबद्दल फार बोलत नाही, सराव लागतो. पण क्रम चुकवू नका. वायर जोडण्याआधी एच लिहिलेला स्क्रू फिरवून वरचं छोटं चाक सगळ्यात छोट्या चकतीच्या बरोबर खाली आणा. मग डिरेलर हाताने ढकलून सगळ्यात मोठ्या चकतीवर न्या आणि एल लिहिलेल्या स्क्रूने त्याची हद्द ठरवा. दार भिंतीवर आपटू नये म्हणून लावतो त्या स्टॉपरसारखे हे दोन स्क्रू आहेत. गियर जुळवायला त्यांचा उपयोग नाही. गियर जुळतात वायरच्या ताणाने. वायरच्या टोकाशी हाताने फिरवायचा बॅरल असतो, तो थोडा बाहेर फिरवला की ताण वाढतो आणि चेन मोठ्या चकतीवर चटकन चढते. फार फिरवला तर छोटीवर उतरायला कुरकुर करते. शेवटी पाठीवरच्या त्या तिसऱ्या स्क्रूने वरचं छोटं चाक आणि मोठी चकती यांच्यात साधारण पाच-सहा मिलिमीटर फट ठेवा.

एल स्क्रूचा कंटाळा करणाऱ्यांसाठी सांगतो. गोळेवाडीवरून सिंहगडाचा घाट चढताना तुम्ही कुठल्या गियरवर असता? सगळ्यात हलक्या. उभे राहून पायडल मारताय, पूर्ण वजन चेनवर, आणि नेमका त्याच वेळी हद्द नसलेला डिरेलर एक पाऊल पुढे जाऊन स्पोकमध्ये शिरतो. कटकट असा आवाज, दोन-तीन स्पोक तुटलेले, पिंजरा चाकाला गुंडाळलेला, हँगरचे दोन तुकडे. तिथे काय कराल? पिशवीत चेन तोडायचं हत्यार असेल तर डिरेलर काढून टाका, चेन छोटी करून मधल्या एखाद्या चकतीवर सरळ रेषेत जोडा, एका गियरची सायकल तयार. हत्यार नसेल तरी गडावरून खाली यायला चेन लागत नाही, ब्रेक लागतात. तुटलेले स्पोक शेजारच्या स्पोकांना गुंडाळा आणि सावकाश उतरा. पुढे खडकवासल्यापर्यंत हात दाखवून टेम्पो मिळतो, असा अनुभव आहे.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं, पावसाळ्यात काय करायचं. डिरेलरच्या छोट्या चाकांत चिखल आणि जुनं तेल यांचा काळा लगदा साठतो. तो रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने काढा, पुसा, कोरडं झाल्यावर चेनवर थेंब-थेंब तेल सोडा आणि वरचं तेल फडक्याने पुसून घ्या. प्रेशर वॉशरचा फवारा चेनवर आणि हबवर मारू नका, तो ग्रीस उडवून आत पाणी भरतो. आणि नवी वायर टाकली असेल तर पहिल्या आठवड्यात ती थोडी सैल होणारच. डिरेलरला शिव्या देण्याआधी बॅरल अर्धा वेढा फिरवून बघा.

चला, आता ती हिरवी सायकल स्टँडवर चढवा. उकिडवं बसायला जमणार नाही त्यांनी पुढे खुर्च्या ओढा.